जुन्या गाडीच्या मेंदूवर खर्च किती करावा?

व्यापारी घरात मोटार घाईने विकली जात नाही. दुकानाचा जम बसला त्या वर्षी घेतलेली, मुलीच्या लग्नात फुलांनी सजलेली, लातूरच्या बाजारापासून नांदेडच्या दवाखान्यापर्यंत सर्वत्र धावलेली डिझेल गाडी घसारा वजा होत होत खतावणीत नाममात्र रकमेवर येते. घरच्या मनातील तिचे मोल मात्र तसे उतरत नाही. अहमदपुरात पंधरा-अठरा वर्षे वयाच्या अशा गाड्या आजही अनेक दारांत उभ्या दिसतात. त्यांत जुनी स्विफ्ट किंवा डिझायर असते, स्कॉर्पिओ असते, एखादी सफारी आणि क्वचित एखादी स्कोडा ऑक्टेव्हियाही असते.

अशा घरांतून अलीकडे एक ठरावीक संवाद ऐकू येऊ लागला आहे. पुण्याला शिकून आलेला मुलगा म्हणतो, ‘‘अण्णा, गाडी विकायची कशाला? तिचा कॉम्प्युटर ट्यून करून घेऊ. पिकअप नव्या गाडीसारखा होतो.’’ अण्णा चष्मा वर सरकवून विचारतात, ‘‘पैसे किती? आणि ॲव्हरेज वाढतं का?’’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. कारखान्याने या गाडीला दिलेली शक्ती आज तिच्यात पूर्ण शिल्लक आहे काय?

मुलाची मागणी निव्वळ हौस म्हणून झटकून टाकण्यासारखीही नाही. तुळजापूर, लातूर, अहमदपूर, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ बालाघाटच्या चढउतारांतून जातो. हंगामात त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि सोयाबीनचे ट्रक असतात. गाडीत पाच माणसे, मागे सामान, वर वातानुकूलन चालू, आणि पुढे रेंगाळणारी ट्रॉली. चालक पाय दाबतो, पण इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली असेल तर एक-दोन क्षण काहीच घडत नाही. मग एकदम जोर येतो. हे दोन क्षण समोरून वाहन येत असताना फार मोठे असतात. (वेळीच खालचा गिअर टाकणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. चढावर चौथ्यातच गाडी रेटणाऱ्यांना तो सुचत नाही, एवढेच.)

हा उशीर टर्बोचा आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तीच आजही प्रत्येक टर्बो गाडीत राबते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या झोताने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते. डिझेल इंजिनात शक्ती मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर ठरते, आणि ती मात्रा किती, कोणत्या क्षणी, किती दाबाने द्यायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्याच्या स्मृतीत आकड्यांची कोष्टके असतात; कारागीर त्यांना ‘मॅप’ म्हणतात. चालकाने पाय किती दाबला तर किती इंधन मागायचे याचे एक कोष्टक असते. आत आलेल्या हवेच्या मानाने काळा धूर न होता किती इंधन देता येईल याचे दुसरे, आणि गिअर व क्लच यांना पेलवेल असा जोर किती याचे तिसरे. ट्यूनिंग म्हणजे या कोष्टकांतील आकडे बदलणे, किंवा संगणकाला खोटी माहिती पुरवून त्याच्याकडून तेच काम करवून घेणे.

यावरून एक गोष्ट निघते, ती पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. टर्बो असलेल्या प्रत्येक गाडीत असा संगणक असतोच असे नाही. १९९८ मध्ये आलेली पहिली टाटा सफारी आणि २००२ मधील पहिली स्कॉर्पिओ यांना टर्बो होता. परंतु त्यांचा डिझेल पंप यांत्रिक होता. त्या गाड्यांना ‘फाइल टाकून’ देतो म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा. तेथे पंपाचे कुशल मिस्त्री आणि चांगल्या नोझल यांचेच काम.

ज्यांत संगणक आहे, त्यांतही जाती आहेत. मराठवाड्यातच, औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे, २००१ पासून जुळणी झालेल्या ऑक्टेव्हियाचे १.९ टीडीआय इंजिन ९० अश्वशक्तीचे. त्यात पंप फिरता आहे, त्यावर संगणकाचे नियंत्रण आहे, पण ‘कॉमन रेल’ नाही. त्यानंतरच्या लॉरा १.९ मध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप-इंजेक्टर. आणि जानेवारी २००७ मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टचे फियाटच्या रचनेचे १२४८ घन सेंटिमीटरचे इंजिन कॉमन रेलचे. त्याची शक्ती ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, १९० न्यूटन-मीटर. हेच इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावलाही तयार होत असे. या तीन गाड्या बाहेरून सारख्याच ‘जुन्या टर्बो डिझेल’ दिसत असल्या, तरी एकीला चालणारे साधन दुसरीला चालत नाही. दुकानदार ‘सगळ्या डिझेल गाड्यांना बसतो’ असे म्हणू लागला, की त्याला गाडीतील पंप कोणत्या प्रकारचा, एवढेच विचारावे.

साधने तीन प्रकारची मिळतात.

पहिले म्हणजे रीमॅप. गाडीच्या स्वतःच्या संगणकातील मूळ फाइल वाचायची, तिच्यातील कोष्टके बदलायची आणि ती परत लिहायची. बहुतेक वेळा हे स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधून होते. काही जुन्या संगणकांत मात्र पेटी उघडून थेट चिपपर्यंत जावे लागते. नवीन भाग बसवावा लागत नाही आणि ज्ञानेंद्रिये, म्हणजे सेन्सर, खरीच माहिती देत राहतात, हा मोठा गुण. दोष असा की सर्व काही फाइल लिहिणाऱ्याच्या हातावर अवलंबून. महाजालावरून उतरवलेली, दुसऱ्याच क्रमांकाच्या संगणकासाठीची फाइल, नकली यंत्र आणि लिहिताना उतरलेली बॅटरी, यांपैकी एकही गोष्ट घडली तर गाडी जागेवरच मुकी होते. म्हणून काम चालू असताना बॅटरीला चार्जर जोडलेला आहे की नाही, एवढ्या एका खुणेवरूनही कारागिराची पारख होऊ शकते.

दुसरे साधन ट्यूनिंग बॉक्स. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा डिझेलट्रॉनिक हा भारतीय बनावटीचा असा खोका. कॉमन रेल गाडीत तो दाबाचा सेन्सर आणि संगणक यांच्या मध्ये बसतो. रेलमधील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे तो संगणकाला भासवतो. संगणक दाब वाढवतो आणि इंधन अधिक जाते. हा खोका काढला की गाडी पूर्ववत होते आणि दुसऱ्या मिळत्याजुळत्या गाडीला पुन्हा वापरताही येऊ शकतो. व्यापाऱ्याला हे मनापासून पटते. पण संगणक आता खोट्या वहीवर कारभार करतो आहे, हेही विसरू नये. हजार बारच्या वरचा दाब झेलणारा जुना पंप आणि जुने इंजेक्टर आणखी दाबाखाली जातात, आणि खरा दाब किती आहे हे त्या संगणकालाच ठाऊक नसते. ऑक्टेव्हियाच्या १.९ इंजिनाला तर रेलच नाही. तिला हा खोका लागूच नाही.

याच नात्यातील एक भामटा म्हणजे सॉकेटमध्ये खोचायची पिवळी-निळी स्वस्त डबी. अशा काही डब्या उघडून पाहणाऱ्यांना आत दिवे लुकलुकवणाऱ्या सर्किटापलीकडे काही आढळलेले नाही. तिचा एवढाच गुण की ती नुकसानही करत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मूळ संगणक बाजूला सारून संपूर्ण नवा, आपल्या मनाप्रमाणे आकडे भरता येणारा संगणक बसवणे. परदेशांत जुन्या टर्बो गाड्यांचे शौकीन हे फार करतात. ब्रूस बॉवलिंग आणि अल ग्रिपो या अमेरिकन जोडीचा मेगास्क्वर्ट आणि त्यानंतरचा, अर्डुइनोच्या पाटीवर उभारलेला स्पीडुइनो यांनी ही गोष्ट बेताच्या पैशांत आणली. मात्र हे दोन्ही प्रामुख्याने पेट्रोल इंजिनांसाठी आहेत. कॉमन रेल डिझेलचे इंजेक्टर चालवणे त्यांचे काम नव्हे. आपल्याकडे याचा विचार करण्याजोगी गाडी म्हणजे २००४ ची ऑक्टेव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. पण तिच्यातही संगणक स्वस्त पडला तरी वायरिंग, धुरातील ऑक्सिजन मोजणारा रुंद पट्ट्याचा सेन्सर, चावीचा इमोबिलायझर, काट्यांची पाटी या सगळ्यांची सांगड घालण्यात मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसा आणि महिने जातात. शिवाय त्या काळच्या गाड्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी घडवलेल्या नव्हत्या. इथेनॉलला त्याच हवेसाठी अधिक इंधन लागते, ही बाब नव्या कोष्टकात धरली नाही तर मिश्रण विरळ होऊन दट्ट्याच जळायचा. घरची गाडी म्हणून जिचा उपयोग आहे, तिच्यासाठी हा मार्ग नाहीच.

आता खर्चाचा क्रम. जुन्या गाडीचा पिकअप गेला असेल तर बहुधा तो संगणकातून गेलेला नसतो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी नळ्या उष्णतेने भेगाळतात, आणि दाबलेली हवा वाटेतच निसटते. ईजीआर वाल्व काजळीने अर्धवट उघडाच राहतो. हवा मोजणारा सेन्सर मळतो. एअर फिल्टर तर पुष्कळांच्या गाडीत तीन-तीन उन्हाळे तोच असतो, आणि मराठवाड्याची धूळ काही थोडी नव्हे. डिझेल फिल्टर, इंजेक्टरची गळती, घसरणारा क्लच, ऑक्टेव्हियासारख्या गाडीत मुदत उलटलेला टायमिंग बेल्ट यांची यादी जुना मिस्त्री न पाहता म्हणून दाखवील. हा बेल्ट तुटला तर वाल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि मग ट्यूनिंगची चर्चा आपोआप थांबते.

ही तपासणी महाग नाही. ईएलएम३२७ जातीचे, भ्रमणध्वनीला जोडता येणारे वाचनयंत्र अत्यल्प किमतीत मिळते. ऑक्टेव्हिया-लॉरासाठी रॉस-टेकच्या प्रणालीने अधिक खोलवर वाचता येते. भारतात मोटारींतील स्वयंनिदानाची व्यवस्था एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, त्यामुळे त्यापूर्वीच्या काही गाड्या साध्या वाचनयंत्राला दाद देत नाहीत; अशा वेळी त्या त्या कंपनीचे यंत्र असलेले गॅरेज शोधावे लागते. तिसऱ्या गिअरमध्ये मोकळ्या चढावर पूर्ण पाय दाबून, टर्बोचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजाऱ्याकडून टिपून घ्यावा. दोहोंत मोठे अंतर असेल तर गळती आहे. अशा गाडीला रीमॅप करणे म्हणजे फुटक्या रांजणाखाली मोठा नळ सोडणे. नळ्या आणि फिल्टर बदलल्यावर ‘आता ट्यूनिंग नको’ असे त्याच मुलाने म्हणण्याची शक्यता पुष्कळ.

तरीही हवेच असेल, तर किती वाढवावे? येथे एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती देणारे १२४८ घन सेंटिमीटरचे इंजिनच एसएक्स४ आणि अर्टिगा यांत ९० अश्वशक्ती देत होते; म्हणजे कंपनीने मुद्दाम शक्ती राखून ठेवली आहे, नुसता आकडा बदलायचा! वस्तुतः त्या गाड्यांत टर्बोच वेगळा, पाती फिरवून झोत नियंत्रित करणारा होता. कारखान्याने थोडी राखीव जागा ठेवलेली असते हे खरे. ती उन्हाळ्यातील ४२ अंशांसाठी, भेसळयुक्त डिझेलसाठी, बंद पडत आलेल्या फिल्टरसाठी ठेवलेली असते. बँकेने कर्जमर्यादा ठरवताना जशी मार्जिन धरावी, तशीच ती. १९० न्यूटन-मीटरवर वीस टक्के वाढ म्हणजे २२८. क्लच नवा असेल तर तो एवढे बहुधा सहन करील. दीड लाख किलोमीटर धावलेला जुना क्लच पहिल्याच घाटात वास सोडील. टक्का जितका मोठा सांगितला जाईल तितका ट्यूनर मोठा, ही समजूत सोडून द्यावी. काळा धूर म्हणजे शक्ती नव्हे, न जळलेले डिझेल होय. आणि त्याबरोबर वाढणारे तापमान टर्बो व पिस्टन यांच्या आयुष्यातून वळते होते.

अण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागेल. समजा, गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालते, लिटरला १८ किलोमीटर देते आणि डिझेलचा भाव ९० रुपये आहे. वर्षाचा डिझेलखर्च ६० हजार रुपये झाला. रीमॅपनंतर सौम्यपणे चालवून पाच टक्के बचत झाली, असे उदारपणे गृहीत धरले तरी ती ३ हजार रुपये. ट्यूनिंगला २० हजार खर्च आला असेल, तर नुसते मुद्दल वसूल व्हायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ. त्यावर सात टक्के व्याज धरले तर नऊ वर्षांच्याही वर. तोवर गाडीचे वय पंचवीस-सत्तावीस होईल. शिवाय नव्या जोराची चव लागल्यावर सौम्यपणे चालवणारा विरळाच. तेव्हा ॲव्हरेजच्या नावाखाली हा खर्च मंजूर करून घेऊ नये. तो सोयीचा आणि हौसेचा खर्च आहे. त्याच शीर्षाखाली लिहावा आणि पेलत असेल तर खुशाल करावा.

कायद्याची बाजू बहुतेक ट्यूनर हसून टाळतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा फेरबदल मालकाला करता येत नाही, आणि नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचाही रकाना असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी संचाला मान्यता आणि नोंदणीची सरळ वाट आहे. शक्तिवर्धनाला तशी नाही. फाइल डोळ्यांना दिसत नाही म्हणून पकडली जात नाही, हे म्हणणे व्यवहारात खरे ठरत असेलही. परंतु वर्षानुवर्षे हिशेब चोख ठेवणाऱ्या घराने ते युक्तिवाद म्हणून वापरावे काय, हे त्या घरानेच ठरवायचे आहे.

धुराच्या चाचणीचे मात्र लपत नाही. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला पीयूसीमध्ये धुराची मर्यादा २.४५ आणि बीएस-४ गाडीला १.६२ प्रति मीटर अशी आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर गाडी तपासणीला न्यावीच लागते, आणि कारसाठी एप्रिल २०२२ पासून केंद्राने ते शुल्कही ६०० वरून ५ हजार रुपयांवर नेले. ईजीआर बंद करून किंवा सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून स्वस्तात जोर वाढवून देतो म्हणणाऱ्याचे काम येथे उघडे पडते. त्या वाटेला मुळीच जाऊ नये. निघणारा धूर शेवटी आपल्याच गल्लीत राहतो.

विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो. इंजिनाच्या शक्तीत केलेला बदल कंपनीला न कळवता अपघात घडला आणि तो बदल तपासणीत उघड झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो. वीस हजारांच्या कामासाठी दोन-अडीच लाखांचे विमासंरक्षण डळमळीत करणे हा तोट्याचा सौदा होय. म्हणून विमा कंपनीला लेखी विचारून, लेखी उत्तर आल्यावरच पुढे जावे. उत्तर नकाराचे आले, तर नळ्या, फिल्टर, इंजेक्टर आणि नवा क्लच एवढ्यावर थांबण्यात काहीही कमीपणा नाही. गाडी तेवढ्यानेही बरीचशी तरुण होते.

होकार मिळाला आणि घरात एकमत झाले, तर कॉमन रेलच्या स्विफ्ट-डिझायरला किंवा संगणकाच्या ऑक्टेव्हिया-लॉराला सौम्य रीमॅप हाच परवडणारा पर्याय. खोका त्या गाडीसाठी राखून ठेवावा, जिचा संगणक वाचणारा खात्रीचा कारागीर पोहोचण्याजोग्या अंतरावर नाही. ट्यूनरकडे जाताना आधी टिपलेले दाबाचे आकडे सोबत न्यावेत. फाइल तयार केलेली विकत आणतो की आपल्या गाडीची वाचून बदलतो, हे विचारावे. संगणकाचा हार्डवेअर क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. मूळ फाइलची प्रत मागून घ्यावी आणि ती दोन ठिकाणी ठेवावी, एक घरी आणि एक दुकानात. मूळ फाइल देण्यास जो कचरतो त्याच्याकडे चावी देऊ नये. काम झाल्यावर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तेवढीच माणसे बसवून पुन्हा आकडे टिपावेत. त्याच आठवड्यात पीयूसी नव्याने करावी, आणि पहिले हजार किलोमीटर इंजिन ऑइलची पातळी दर रविवारी पाहावी.